साडेतीन मिनिटांत ट्रान्स मावतो का?

अबव्ह अँड बियॉन्ड या लंडनच्या त्रिकुटाचा ‘बिगर दॅन ऑल ऑफ अस’ हा अल्बम जुलै २०२५ मध्ये आला, तेव्हा तो लावायच्या आधी मी काय केलं तर गाण्यांची लांबी बघितली. ट्रान्स, म्हणजे क्लबात नाचायचं, धुनेवर चढत जाणारं इलेक्ट्रॉनिक संगीत, ते ऐकणाऱ्यांची ही जुनी खोड आहे, आंबे घेताना माणूस आधी देठापाशी नाक नेतो तसं आपण आधी मिनिटं मोजतो. सात-आठ मिनिटं दिसली की जीव भांड्यात पडतो. इथे बहुतेक गाणी चार मिनिटांच्या आगेमागे. सात वर्षं थांबलो होतो राव, आधीचा ‘कॉमन ग्राउंड’ २०१८ चा (मध्ये २०१९ ला ‘फ्लो स्टेट’ आला होता पण तो योगा करताना लावायचा, त्याला मी धरत नाही). आणि संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या मित्राचा मेसेज आलाच, गाणी छान आहेत रे पण ट्रान्स कुठाय.

हे सगळं त्या एका मेसेजला उत्तर म्हणून लिहितोय, लांबलंय, माफ करा. कारण हा प्रश्न या अल्बमपासून सुरू होत नाही. ट्रान्स आणि अल्बम यांचं पहिल्यापासून कधी धड जमलेलंच नाही, आणि का जमलं नाही ते कळलं की नवीन अल्बमवर चिडायचं कुठे आणि गप्प बसायचं कुठे तेही कळतं.

आधी ट्रॅक म्हणजे काय ते बघू, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की हे नुसतं लांबलेलं गाणं आहे. साधारण आठ मिनिटांचा जुना ट्रान्स ट्रॅक घ्या. पहिलं मिनिट-सव्वा मिनिट नुसती किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, वर हाय-हॅट, म्हणजे झांजेची टिकटिक, काहीही घडत नाही, आणि ते मुद्दामच, कारण त्या वेळात डीजे आधीच्या ट्रॅकमधून या ट्रॅकमध्ये येत असतो. मग बेसलाइन, म्हणजे खालच्या सुरांची ओळ, शिरते. मग कुठेतरी मागे धुक्यात असल्यासारखी धून, तिचे दोनच सूर, पूर्ण नाही. अर्ध्यावर आलं की किक जाते, एकदम, पायाखालची फळी काढल्यासारखी, आणि उरतात फक्त पॅड, म्हणजे मागे पसरलेले लांब सूर, थोडा पियानो, असला तर गळा. हा ब्रेकडाउन. दीड-दोन मिनिटं नाचायला काहीच नसतं, लोक हात वर करून नुसते उभे असतात, आणि तिथेच ती धून पहिल्यांदा अख्खी ऐकू येते. मग स्नेअर, म्हणजे ताशासारखा ड्रम, भरभर वाजत चढतो, चढतो, आणि किक परत येते. पुढची दोन मिनिटं त्याच धुनेची, शेवटचं मिनिट परत नुसती किक, पुढच्या डीजेसाठी नाहीतर पुढच्या ट्रॅकसाठी. म्हणजे आठातली दोन-अडीच मिनिटं तर दारं-खिडक्याच आहेत, घर मधे. बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर हे आरामात बसायचं आणि विकत घेणारा डीजेच असायचा, घरी सोफ्यावर बसून ऐकणारा माणूस कोणाच्या डोक्यातच नव्हता.

आता हेच साडेतीन मिनिटांत करा म्हटलं तर काय कापाल? दारं-खिडक्या आधी जातात, ते ठीक. पण मग ब्रेकडाउन अर्धा मिनिट होतो आणि धून यायच्या आधी वाट बघणंच उरत नाही. आपल्याकडे १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जानचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा हीच पंचाईत होती, तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं, त्यात ख्याल बसवायचा आणि शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ असं ओरडून नावही सांगायचं. तासाभराची बढत गेली, बंदिश आणि चार ताना राहिल्या. तरी त्या तबकड्या लोकांनी जिवापाड जपल्या, अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’ आजही त्या एवढ्याशा वेळातच आपल्याला रडवते. म्हणजे छोटं म्हणजे वाईटच असं नाही. पण छोटं म्हणजे वेगळं, हे मात्र मान्य करायला लागतं.

बरं, लंडनच्या या मंडळींच्या रेकॉर्ड कंपनीचं नाव अंजुनाबीट्स, आणि ते आपल्या अंजुण्यावरूनच आलंय, बार्देस तालुक्यातला तो किनारा, जिथे बुधवारी फ्ली मार्केट भरतं आणि आपण कॉलेजात असताना बसने जाऊन पाचशेची टोपी दीडशेला आणल्याच्या फुशारक्या मारायचो. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना वाटतं की अंजुनाबीट्सचा आवाज गोव्यातून गेला. तसं नाहीये. नाव गोव्याचं, आवाज दुसरीकडचा.

गोव्यात जे झालं त्याला कारण उष्णता आणि धूळ होती, हे मला कायम भारी वाटतं. सत्तरच्या दशकात अंजुण्याला हिप्पी आले, सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल त्यातलाच (२०२३ मध्ये गेला), सुरुवातीला रॉक वाजायचं, आणि ऐंशीच्या दशकात युरोपातलं इलेक्ट्रॉनिक संगीत कॅसेटवर यायला लागलं. लॉरां नावाचा फ्रेंच डीजे गाण्यातले शब्द उडवून नुसता वाद्यांचा भाग जोडजोडून कॅसेटी बनवायचा. व्हिनाइल रेकॉर्ड तिथल्या उन्हात वाकायच्या म्हणून सगळा कारभार आधी कॅसेटवर आणि मग डॅटवर, म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोड्या मोठ्या त्या डिजिटल टेपवर. पण डॅटचा वेग कमीजास्त करून दोन ट्रॅकची किक जुळवता येत नाही. म्हणून बनवणाऱ्यांनी ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटाला किक नसलेले लांब, नुसते गूढ आवाजांचे पट्टे ठेवले, एकातून दुसऱ्यात विरघळायला. रात्रभर, सकाळपर्यंत आणि पुढे उन्हं चढेपर्यंत चालणारी पार्टी, त्यामुळे ट्रॅकला संपायची घाई नाही.

आणि गंमत म्हणजे अल्बमचा प्रश्न गोव्यावाल्यांनीच सगळ्यात सोप्या रीतीने सोडवला. सीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात ना, मग आठ-नऊ ट्रॅक टाका, प्रत्येक आठ-आठ मिनिटांचा, झाला अल्बम. हॅल्युसिनोजेनचा ‘ट्विस्टेड’ १९९५ चा, तो लावा, एकही ट्रॅक तुमची सोय बघत नाही. पुढे गोव्यात सुट्टीला येऊन गेलेल्या इस्रायली पोरांनी हा आवाज घरी नेला आणि त्यातून ॲस्ट्रल प्रोजेक्शन, इन्फेक्टेड मश्रूम वगैरे उभे राहिले. ती सायट्रान्सची शाखा. तिथे साडेतीन मिनिटांचं भांडण बराच काळ नव्हतंच, कारण रेडिओवर वाजायची त्यांना हौसच नव्हती.

(इथे कोणीतरी चरणजित सिंगांचं नाव काढणारच, तर हो, मुंबईत १९८२ मध्ये त्या माणसाने रोलँड कंपनीची इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन दहा राग डिस्को बीटवर वाजवले, आणि ते आज ऐकलं तर ॲसिड हाउस नावाचं क्लबातलं संगीत वाटतं. त्या वेळी कोणी ढुंकून पाहिलं नाही, २०१० मध्ये रेकॉर्ड परत निघाली तेव्हा जगाला कळलं. पण त्यावरून ट्रान्सचा शोध मुंबईत लागला असं म्हणणं म्हणजे जरा जास्तच होतं, कारण फ्रँकफर्टमध्ये कोणी ती रेकॉर्ड ऐकलीच नव्हती.)

फ्रँकफर्ट. तिथून दुसरी शाखा येते, आणि अबव्ह अँड बियॉन्ड त्या बाजूचे. विमानतळाच्या इमारतीत डोरियन ग्रे नावाचा क्लब होता, शहरात ओमेन, तिथे स्वेन फाथ वाजवायचा. १९९० च्या आसपास टेक्नो होतं त्यात धून शिरली. ‘द एज ऑफ लव्ह’चं जॅम अँड स्पूनने १९९२ मध्ये केलेलं रिमिक्स ऐका, आजही कुठल्याही सेटमध्ये चालतं, त्यात पुढच्या तीस वर्षांचा मालमसाला आहे. बर्लिनमध्ये पॉल व्हॅन डाइकचा ‘फॉर ॲन एंजल’. मग डिसेंबर १९९४ मध्ये पॉल ओकनफोल्डने बीबीसी रेडिओ वनवर जो दोन तासांचा ‘गोवा मिक्स’ वाजवला त्यात दोन्ही नद्या एका जागी आल्या, गोव्याचे ट्रॅक आणि मधे मधे सिनेमाच्या पार्श्वसंगीताचे तुकडे, आणि घरात बसलेल्या ब्रिटिश पोरांना कळलं की हे नाचायच्या पलीकडचं, ऐकायचंही आहे. तिथे अल्बमची भूक तयार झाली असं मला वाटतं. फक्त ती भूक अल्बमने भागली नाही, मिक्सने भागली, म्हणजे डीजेने वेगवेगळे ट्रॅक सलग जोडून केलेल्या सीडीने. पुढची दहा वर्षं ट्रान्सच्या चाहत्यांच्या कपाटात ज्या सीड्या होत्या त्या कलाकाराच्या अल्बमच्या कमी आणि डीजेच्या मिक्सच्या जास्त, ‘ट्रान्सपोर्ट’, ‘इन सर्च ऑफ सनराइज’ ह्या असल्या. कारण मिक्समध्ये ट्रॅकची दारं-खिडक्या कामाला येतात. एकाचं दार दुसऱ्याच्या खिडकीत उघडतं.

एक अपवाद सांगायलाच हवा, रॉबर्ट माइल्सचा ‘चिल्ड्रेन’. १९९५-९६ ची गोष्ट. इटलीत शनिवारी रात्री क्लबमधून दमून, पिऊन परतणारी तरणी पोरं गाड्या ठोकून मरायची, त्यावर बराच गदारोळ झाला होता, म्हणून रात्रीच्या शेवटी डोकं शांत करणारं काहीतरी वाजवावं हा त्यामागचा एक विचार. वडिलांनी युगोस्लाव्हियातल्या युद्धात काढलेले मुलांचे फोटो हे दुसरं कारण. पियानोची ती सोपी धून, लहान पोरालाही वाजवता येईल अशी, आणि युरोपातल्या कितीतरी देशांत ती एक नंबरला गेली. सात मिनिटांचा ट्रॅक चार मिनिटांचा करून रेडिओवर चालला आणि तरीही ट्रान्सच राहिला. ज्यांना पुढे अल्बम काढायचे होते त्यांच्यासाठी हा धडा होता की धून इतकी घट्ट असेल तर बाकीचं कापलं तरी ती उभी राहते.

मग १९९९. रोलँडचा जेपी-८००० हा सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, १९९६ ला आला होता, त्यात सुपरसॉ नावाचा आवाज, म्हणजे करवतीच्या दात्यांच्या आकाराच्या सात ध्वनिलहरी एकदम थोड्या थोड्या बेसूर करून वाजवल्या की जो भलामोठा रुंद आवाज होतो तो. तो सगळ्यांच्या हाताला लागला. एटीबीचा ‘नाइन पीएम’ ब्रिटनमध्ये एक नंबरला (त्यात सुपरसॉपेक्षा ती सरकणारी गिटारच लक्षात राहते, पण असो), फेरी कॉर्स्टनचा ‘आउट ऑफ द ब्लू’ त्याच वर्षीचा. सगळीकडे ट्रान्स. आणि सगळीकडे झाल्यावर जे होतं तेच झालं, एकसारखे दिसणारे शंभर ट्रॅक.

त्या गर्दीत, २००० साली, वेस्टमिन्स्टर युनिव्हर्सिटीत भेटलेले जोनो ग्रँट आणि फिनलंडचा पावो सिल्यामाकी हे दोघं अंजुनाबीट्स काढतात. पहिली रेकॉर्ड ‘व्हॉल्यूम वन’. वॉर्नर म्युझिकमध्ये नोकरी करणारा टोनी मॅकगिनेस त्यांना येऊन मिळतो कारण त्याला चक्राच्या ‘होम’चं रिमिक्स पुरं करायला मदत हवी असते, आणि तिघांचं मिळून नाव ठरतं अबव्ह अँड बियॉन्ड. लगेच २००१ मध्ये मॅडोनाच्या ‘व्हॉट इट फील्स लाइक फॉर अ गर्ल’चं यांचं रिमिक्स, आणि त्या गाण्याचा जो व्हिडिओ निघाला त्याला मूळ गाणं नाही, हे रिमिक्सच वापरलं. म्हणजे काल सुरू केलेल्या दुकानासमोर आज मॅडोनाची गाडी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या की हे तिघं पहिल्यापासून गाणेवाले. ओशनलॅब नावाने जस्टिन सुइसा या गायिकेसोबत ‘क्लिअर ब्लू वॉटर’, ‘सॅटेलाइट’, अंतरा-मुखडा असलेली सरळ गाणी, फक्त मागे १३६-१३८ बीपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढ्या ठोक्यांची, किक. बाकीचे ट्रॅक बनवून त्यावर कोणाचा तरी गळा चिकटवायचे, हे गाणं बांधून त्याला ट्रॅकचे कपडे घालायचे. म्हणून २००६ चा ‘ट्राय-स्टेट’ आला तेव्हा त्यात ‘गुड फॉर मी’, ‘अलोन टुनाइट’ शेजारी नाचायचे नसलेले तुकडेही होते, आणि तेव्हाही लोक म्हणालेच की हे काय मधेच. मी पण म्हणालो होतो. तेव्हा आमच्या होस्टेलला लॅनवर फाइली फिरायच्या, अल्बम कोणाच्या तरी मशीनवर असायचा पण खरी झुंबड ‘ट्रान्स अराउंड द वर्ल्ड’साठी, यांचा दोन तासांचा साप्ताहिक रेडिओ शो, २००४ पासूनचा. दोन तासांची एकच फाइल, ट्रॅकची नावं वहीच्या मागच्या पानावर, वेळ लिहून. एखादं नाव ऐकताना निसटलं तर तेवढाच तुकडा पाच-सहा वेळा मागे नेऊन टोनी काय बोलला ते ऐकायचं, ब्रिटिश उच्चारात फिनिश माणसाचं नाव, आणि रूममेट उशी फेकून मारायचा. त्या शोमध्ये जो ट्रॅक आठ मिनिटं वाजला तोच अल्बमवर पाच मिनिटांचा निघाला की आपल्याला कोणीतरी गंडवलं असं वाटायचं.

त्याच शोचा साडेचारशेवा भाग नोव्हेंबर २०१२ मध्ये बंगळुरूला झाला, आणि त्यानंतर शोचं नाव बदलून ‘ग्रुप थेरपी’ झालं. जगात कुठेही करता आला असता, आपल्याकडे केला, ही गोष्ट मी अजून लोकांना सांगत असतो. मला रजा मिळाली नाही. हेडफोन लावून घरी ऐकला आणि गर्दीच्या आवाजात ओळखीचं कोणी ओरडतंय का ते शोधत बसलो.

मधल्या काळात बाकीच्यांनी काय केलं तर टिएस्टो या डीजेने २००९ मध्ये ‘कॅलिडोस्कोप’ काढून ट्रान्स सोडून सरळ दुसरं घर केलं, तेव्हा चाहत्यांनी जो आकांडतांडव केला तो आठवला की नव्या अल्बमवरची कुरकुर म्हणजे काहीच नाही. आर्मिन व्हॅन ब्युरनने दोन्ही डगरींवर पाय ठेवले, अल्बममध्ये गाणी आणि ‘अ स्टेट ऑफ ट्रान्स’ या आपल्या रेडिओ शोमध्ये ट्रान्स. अबव्ह अँड बियॉन्डने तिसरंच केलं. २०११ चा ‘ग्रुप थेरपी’ अल्बम, त्यातलं ‘सन अँड मून’, हे माझ्या मते त्यांचं सगळ्यात जमलेलं काम, कारण ते गाणं म्हणूनही पुरं आहे आणि मैदानात हजारो लोक ब्रेकडाउनमध्ये कोरससारखं गातात तेव्हा ट्रॅक म्हणूनही पुरं आहे. त्यानंतर २०१४ ला त्यांनी त्याच गाण्यांचा अकूस्टिक अल्बम काढला, किक नाही, सिंथ नाही, तंतुवाद्यं आणि पियानो. माझ्यासारख्यांनी नाकं मुरडली. पण आज मागे बघताना वाटतं की ते मुद्दाम करून बघत होते, कपडे काढल्यावर आत गाणं आहे का. होतं.

बीपीएमही हळूहळू उतरत गेला, १३८ वरून १२८ कडे, कधी त्याच्याही खाली, आणि २००५ ला काढलेलं अंजुनाडीप हे अंजुनाबीट्सचं भावंड मोठं होत होत कधी कधी मूळ दुकानापेक्षा जास्त चालायला लागलं. ‘कॉमन ग्राउंड’ अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० मध्ये थेट तीन नंबरला आला. ट्रान्समधून आलेल्या लोकांचा अल्बम, तीन नंबरला! खूश व्हायचं की हा आता आपला राहिला नाही म्हणायचं, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

तर नवीन अल्बम. झोई जॉन्स्टन आणि रिचर्ड बेडफर्ड हे त्यांचे जुने गायक दोघंही परत आहेत, ते आवाज आले की वीस वर्षांपूर्वीचं होस्टेल येतं, त्याला इलाज नाही. ‘क्विकसँड’मध्ये झोई गाते तेव्हा मागची कॉर्ड्स थोड्या उदास, थोड्या उजेडाच्या, हा त्यांचा ठरलेला रंग आहे आणि तो उतरलेला नाही. जे गेलंय ते म्हणजे थांबणं. स्ट्रीमिंगवर पहिल्या तीस सेकंदांत माणूस पुढे सरकला तर ते ऐकणं मोजतच नाहीत, मग दीड मिनिट नुसती किक कोण ठेवेल, गळा लवकर येतो, मुखडा लवकर येतो, ब्रेकडाउन श्वास घ्यायच्या आत उरकतो. माझी तक्रार असलीच तर तेवढीच, आणि ती या तिघांवर अर्धीच. कारण सिंगल म्हणून निघालेल्या ट्रॅकचे एक्स्टेंडेड मिक्स, म्हणजे लांब आवृत्त्या, वेगळे मिळतातच, डीजेंसाठी आणि माझ्यासारख्या मिनिटं मोजणाऱ्यांसाठी. अल्बम आता तबकडीचं काम करतो, मैफल दुसरीकडे असते. सलग ऐकायला बसलात तर मधल्या दोन-तीन गाण्यांना मी तरी पुढे ढकललं, एकसारखी वाटली, पण शेवटाकडे परत जमलं आणि दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा बरा वाटला, आता पाचव्या खेपेला कुठल्या गाण्यावर चिडलो होतो तेच आठवत नाही.

मित्राला हे सगळं तोंडी सांगायचा प्रयत्न केला होता, त्याने गौहर जानपर्यंत ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दोन आठवड्यांनी रात्री साडेअकराला त्याचाच फोन.

‘अरे, त्यातला एक ट्रॅक त्यांच्या सेटमध्ये ऐकला आत्ता. तिथे चांगला सहा-साडेसहा मिनिटं चालवलाय.’

‘मग?’

‘मग काय. ट्रान्स आहे.’